वाळीत टाकलेला खेळ

खरं सांगा, ज्या माणसानं तोंड उघडलं की तुमचं रक्त उकळतं, त्यानं बनवलेला खेळ तुम्ही तुमच्या फोनमधून काढून टाकाल का? उत्तराची घाई करू नका. आधी एवढं लक्षात घ्या, की त्या खेळातलं तुमचं शेत उभं आहे, तूर काढणीला आली आहे, आणि आज कापली नाही तर शेंगा तडकून दाणे मातीत जाणार आहेत.

मी काढून टाकला. पण तूर कापून मग टाकला.

सध्या परभणीच्या आसपास खरी तूरही वाळत आली आहे. सकाळी पूर्णेच्या बाजूनं येणारी गाडी धुक्यातून आधी ऐकू येते, मग दिसते. ज्वारी पोटऱ्यात आलीय. हरभऱ्याच्या पानांवर आंब उतरलीय. शेतातून चालत गेलं की धोतर, साडी, पँट, काही असो, खालून ओली होते आणि बोट चाटलं तर जीभ आंबते. ऊसतोडीच्या टोळ्या केव्हाच गेल्या. ज्या घरांना कुलूप नाही तिथं म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं उरलीत. हा मोसम मला आवडायचा. थंडीत भाषणं लांबली तरी लोक बसतात, कारण ऊन अंगाला बरं वाटतं, असं आमचे अण्णा म्हणायचे. गेल्या सालापासून मात्र तुरीच्या शेंगांचा खुळखुळ ऐकला की मी वाट बदलते.

अण्णा म्हणजे माझे वडील. हमालांच्या संघटनेत त्यांचं आयुष्य गेलं. आमच्या घरात सोफा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. त्यावर सतरंजी टाकली की पाहुणे बसायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायची. एका बाजूला ‘चलो कलेक्टर कचेरी’, दुसऱ्या बाजूला माझा सतराचा पाढा. इतर पोरी रफार ‘सूर्य’मधला शिकल्या. मी ‘संघर्ष’ लिहिताना जोडाक्षरं शिकले. अण्णांचा एकच नियम होता: मथळा असा पाहिजे की चालता माणूस थांबला पाहिजे. बाकी मजकूर तो वाचो की न वाचो.

त्या खेळाचं नाव ‘औत’. बनवणारा पुण्याचा. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. मागं एकदा लिहून पाहिलं, त्यात त्याचं भलंच झालं.

आणि खेळ सुंदर होता, हीच तर पंचाईत. त्यात गोळीबार नव्हता, मरणं नव्हती. पहाट व्हायची, गोठ्यात एक पांढरा आणि एक तांबडा बैल उभा असायचा. पाणी दाखवायला उशीर झाला तर तांबडा मान वळवून बघायचा, नुसताच बघायचा. पाऊस यायचा किंवा यायचा नाही. कधी वखरणी, कधी पेरणी, कधी नुसतं बांधावर बसून राहायचं. बाजार तर असा काढला होता की खेळणं थांबवून मी नुसती बघत राहिले. लिंबाखाली बांगड्यांचं दुकान, त्याला लागून मिरचीचा ढीग, आणि ढिगामागं नाकाला पदर लावून बसलेली बाई. हा ताडकळसचा बाजार होता. कुणी सांगायची गरज नव्हती. खेळ संपताना बनवणाऱ्यांची नावं वर सरकत जायची. त्यात अगदी शेवटी यायचं: ‘चित्रं: कोमल, ताडकळस’. मी ते नाव अण्णांना दाखवलं होतं. आपल्या जिल्ह्यातली पोरगी बघा, म्हणून मिरवलंसुद्धा होतं.

मग दिवाळीनंतर त्या माणसाची मुलाखत आली. मोठी लांब मुलाखत, बरंचसं चांगलं बोलला. मधेच, खुर्चीत रेलून, हसत हसत म्हणाला, की जे आईबाप पोरांना शाळेतून काढून उसाच्या फडावर नेतात, त्यांना मुळात मूल होऊ देण्याचा हक्कच काढून घेतला पाहिजे. मुलाखत घेणाराही हसला. त्यांना हसायला बराच वेळ मिळाला.

आमच्या वर्गात दिवाळीनंतर बाकं रिकामी व्हायची. माझ्या शेजारची पोरगी दरवर्षी जायची आणि उन्हाळ्यात परत यायची तेव्हा तिच्या हातांवर उसाच्या पात्यानं ओढलेल्या बारीक रेघा असायच्या. तिच्या आईला ती हवी होती. पाचटाच्या कोपीत, चिखलात, जिथं असेल तिथं आपल्याजवळ हवी होती. बैलाचं दुःख मान वळवण्यातून दाखवणाऱ्या माणसाला त्या आईचं काहीच दिसलं नाही? मी उभ्या उभ्या पत्रक लिहायला घेतलं.

मजकूर लिहिणं सोपं होतं, राग तयारच होता. मथळा जमेना. ‘बहिष्कार टाका’ लिहिलं. ते तर निवडणुकीपासून शीतपेयांपर्यंत सगळ्यांना लावून झालेलं. ‘निषेध’ला आता कुणी थांबत नाही. आणि मग मला आमच्या घरातला एक शब्द आठवला.

अण्णांचे वडील पाथरीकडचे. त्यांनी आपल्या विधवा बहिणीचं दुसरं लग्न लावून दिलं म्हणून भावकीनं त्यांना वाळीत टाकलं होतं. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. लग्नाच्या पंगतीत पान मांडायचं बंद झालं, एवढंच. आजोबा सकाळी उठून समोरच्याला रामराम घालायचे आणि तो रामराम तसाच हवेत राहायचा. शेवटी बिऱ्हाड उचलून ते परभणीला आले आणि धान्याच्या मोंढ्यात पोती उचलायला लागले. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलेली. त्या शब्दाला किती धार आहे हे ठाऊक होतं म्हणूनच तो मला हवासा वाटला. मी ठळक अक्षरात लिहिलं: ‘औत’ला वाळीत टाका.

खाली, शेवटच्या ओळींत, आणखी एक वाक्य घातलं. ताडकळसच्या मातीतले बैल रंगवून हा माणूस ऊसतोड्यांच्या आयांना शिव्या देतो, आणि आपलेच हात त्याला रंग पुरवतात, याची लाज वाटली पाहिजे. पोरीचं नाव घेतलं नव्हतं. नाव न घेण्याला मी सभ्यता समजले.

अण्णांनी चष्मा वर करून मथळा वाचला. मला वाटलं होतं ते या शब्दापाशी अडतील. ते म्हणाले, “थांबतंय बघ माणूस.” त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. आज आम्ही दोघं या वाक्याबद्दल बोलत नाही.

ताडकळसच्या बाजारात मी स्वतः पत्रकं वाटली. लोक थांबले. एका तरुणानं विचारलं, कसला गेम, दाखवा की. मी दाखवला, निषेध करायचा तर कशाचा हे कळायला नको का? चार डोकी माझ्या फोनवर वाकली. “आरं, ही तर आपली बांगडीवाली,” एकजण म्हणाला, आणि तिथंच उभ्या उभ्या सगळ्यांनी तो आपापल्या फोनवर घ्यायला सुरुवात केली. पुढच्या बाजाराला मोबाइलच्या दुकानात बसणाऱ्यानं मला लांबूनच हाक मारली.

“ताई, तुमच्या कागदानं लय चालायलाय बघा तो. आधी हितं कुणाला ठावंच न्हवता.”

तो चिडवत नव्हता. त्याला वाटलं मी त्या कंपनीची जाहिरात करते आणि बातमी ऐकून मला आनंद होईल.

विचार घातक असले तर विक्रीवर परिणाम होतो का? या प्रश्नावर शहरात चर्चासत्रं होतात. कलावंत वेगळा, कलाकृती वेगळी, असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, विहिरीत विष असेल तर पोहरा स्वच्छ असून काय उपयोग. मी दुसऱ्या पक्षाची आहे, आजही. पण मला जे दिसलं ते सांगते. खेळाखाली लोकांनी शिव्या लिहिल्या, एकेक तारा दिला. तो एक तारा देण्यासाठीही आधी खेळ विकत घ्यावा लागत होता. तापलेल्या लोकांनी तापून घेतला, त्याची बाजू घेणाऱ्यांनी हट्टानं घेतला, आणि उरलेल्यांनी इतका गोंगाट कशाचा ते बघायला घेतला. थोड्याच दिवसांत त्यानं एक छोटी चित्रफीत टाकली. शब्द चुकले असतील, भावना प्रामाणिक होती, वगैरे. आणि शेवटी, दुसरा भाग येतोय.

मी हात झटकले. आपण आपलं काम केलं, लोक तसेच, असं म्हणून पुढच्या पत्रकाला लागले.

येळवसेच्या सणाच्या थोडं आधी पूर्णेहून परत येताना एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोन बाया होत्या. एक दुसरीला सांगत होती, की ते बैल काढणाऱ्या पोरीचं घर टाकलंय गावानं. कागदच आला होता तसा परभणीहून. दुसरीनं विचारलं, पोरीनं काय केलं? पहिली म्हणाली, काय की, पण कागदात छापून आलं म्हणजे काहीतरी असंलच.

तोवर माझ्यासाठी कोमल हे नुसतं एक नाव होतं, वर सरकत जाणारं. त्या सीटवर बसल्या बसल्या ती पोरगी झाली.

पुण्याच्या माणसाला वाळीत टाकायचं तर कसं टाकणार? तो कुणाच्या पंगतीत बसतो? कुणाच्या रामरामावर त्याचं अडतं? माझ्या मथळ्यानं लोकांना एक काम सांगितलं होतं, आणि ते काम त्यांना पिढ्यान्‌पिढ्या येत होतं. फक्त ते करायला माणूस हाताच्या अंतरावर लागतो. खेळाला वाळीत टाकता येत नाही, हे त्यांना मजकूर न वाचताच कळलं. त्यांनी जवळचं घर शोधलं.

आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. गाव मोकळं होतं आणि रानं भरतात. कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि जेवायला बसायचं. डाळी, शेंगा आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली आंबील. त्या दिवशी निमंत्रण नसतं. रस्त्यानं जो जाईल त्याला हाक मारायची. अनोळखी असला तर जास्त आग्रह करायचा. आपल्या रानात कुणी जेवलं नाही, तर वर्ष फुकट गेल्यासारखं वाटतं.

मी त्या दिवशी ताडकळसला गेले. शेत सापडायला अडचण आली नाही. कुठं म्हणून विचारलं की लोक बोटानं दाखवत आणि सोबत यायचं टाळत. भोवतालच्या रानांतून हसण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते. यांच्या कोपीपुढं सतरंज्या अंथरल्या होत्या, धुतलेल्या, कडेला कडा लावून. त्यांवर कुणी नव्हतं. मोठ्या पातेल्यातल्या भज्जीवर पापुद्रा धरला होता. बांधाला एकच बैल बांधलेला होता, तांबडा. माझी पावलं वाजली तशी त्यानं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

आई पुढं आली. “या, या, बसा. कुण्या गावच्या?” हसली तेव्हा माझ्या पाठीमागं आणखी कुणी आहे का तेही तिनं पाहून घेतलं.

कोमल कोपीतून बाहेर आली. बारीक, माझ्याहून लहान, बोटांना रंग नाही. ती पडद्यावर चित्रं काढते हे मी विसरले होते. तिनं मला ओळखलं. बाजारात पत्रक तिच्याही हातात दिलं होतं मी. ती वळली. पानं मांडायला लागली.

जेवताना आई सांगत राहिली, तक्रारीच्या सुरात नाही, हवापाण्याचं सांगावं तसं. कोमलच्या बापाची आणि शेजाऱ्याची सावड होती. एक बैल यांचा, एक त्यांचा, औत दोघांचं मिळून. ऐन कोळपणीत शेजारी आपला पांढरा घेऊन गेला. भांडण नाही, तंटा नाही. “एका बैलानं काय व्हतंय?” ती म्हणाली. टोळीला गेलेल्यांची पोरं संध्याकाळी कोमलकडं चित्रं काढायला यायची, ओसरी भरायची. तीही बंद झाली. त्यांच्या आज्या पाठवीनात. “माझा सख्खा दीर अन् जाऊ उसाला हायत, माय. त्यांची पोरगी आमच्यातच ऱ्हाती. अन् गाव म्हणतंय आमी ऊसतोड्यांला शिव्या देणाऱ्याचं मीठ खातो.”

मग तिनं माझ्या पानात उंडा वाढला आणि म्हणाली, कुण्या शिकलेल्यानं लिव्हलंय म्हणं. त्याचं आमी काय घोडं मारलं व्हतं?

कोमलनं माझ्याकडं पाहिलं. तिला सांगता आलं असतं. तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. हातातला घास मी पानात ठेवला.

“मावशी, ते मी लिहिलं.”

कोमलच्या आईनं मला शिवी दिली असती, हाकललं असतं, तर मी ते पदरात घेऊन घरी आले असते आणि हळूहळू स्वतःला माफ केलं असतं. डोळ्याला पदर लावून त्या मला माफ करत्या तरी तेच झालं असतं. त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. पदराला हात पुसले.

“मग आता तूच बोलीव,” त्या म्हणाल्या. “जा, बांधावर उभी ऱ्हा. अन् बोलीव त्यांला.”

मी गेले. सभेत माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो. त्या आवाजात मी हाक मारली, या जेवायला. गाडीवाटेनं माणसं जात होती. एकानं मान खाली घातली. दोन बाया वाट सोडून पलीकडच्या रानातून गेल्या. एक मोटारसायकलवाला मात्र थांबला, पाय टेकवून, अगदी अदबीनं.

“ताई, तुमीच तर लिव्हलंय,” तो म्हणाला.

“चुकलं माझं. मी त्या माणसाबद्दल लिहिलं होतं, या घराबद्दल नाही.”

“तसं कागदात न्हवतं.” त्यानं गाडीला किक मारली. “अन् आता कागद कुठं म्हागारी येतोय?”

मी परत आले तेव्हा कोमलनं माझं पान तसंच ठेवलं होतं. मी तिला विचारलं, आणि हे विचारायचा मला काय हक्क होता कुणास ठाऊक, की मुलाखत ऐकल्यावर तू त्याला तुझं नाव काढायला का सांगितलं नाहीस.

“ऐकल्यावर लय राग आला. फोन पण केला, त्यानं उचलला न्हाई,” ती म्हणाली. “पर नाव काढ म्हणून न्हाई म्हणले मी. ताई, माझं नाव पहिल्यांदाच कुठं आलं व्हतं. तुमचं तर दर कागदाखाली असतंय.”

मग थोड्या वेळानं, पानं उचलताना:

“तुमी टाकलं त्याला. पर तो लांब हाय. हाताला लागले ती मी.”

मी दुसरं पत्रक काढलं. त्याचा मथळा लांबलचक झाला: खेळ घेऊ नका, पण माणसाला टाकू नका. खरं बोलायचं तर मथळे लांबतात. ताडकळसच्या बाजारात त्यात भजी बांधून दिली गेली, आणि मोंढ्यात अण्णांना दोघातिघांनी खासगीत विचारलं, तुमच्या पोरीला कुणी मॅनेज केलं का? अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

एक वर्ष मी स्वतःला विचारते आहे, की मी चुकले म्हणजे नक्की काय चुकलं? त्या माणसाचं बोलणं विषारी होतं. ते खपवून घेणं मला कधी जमणार नाही. त्याचा खेळ विकत घेऊ नका, हे मी आजही म्हणेन, कुणी ऐको न ऐको, विक्री वाढो की घटो. वस्तू नाकारण्याचा हक्क गरिबाकडे उरलेल्या थोड्या हक्कांपैकी आहे. पण वस्तू नाकारायला धीर लागतो, रोजच्या रोज लागतो. तूर काढणीला आलेली असताना तर फारच लागतो. माणूस नाकारायला काहीच लागत नाही. मान खाली घातली की झालं. मी लोकांपुढं दोन्ही कामं एका शब्दात ठेवली, आणि त्यांनी सोपं काम निवडलं म्हणून त्यांना दोष देत बसले. मी स्वतः कोणतं निवडलं? पुण्याच्या माणसाला लिहिताना माझा हात दहादा अडला होता, कायद्यात बसेल ना म्हणून. ताडकळसच्या हातांबद्दल लिहिताना एकदाही अडला नाही.

परवा कोमलचा फोन आला. तेव्हापासून आम्ही बोलतो अधूनमधून. मैत्री म्हणवत नाही. सावड अजून तुटलेलीच आहे. ओसरीवर आता तिच्या चुलत्याची पोरगी एकटीच चित्रं काढत बसते. ‘औत’चा दुसरा भाग व्हायचाय, आणि त्या माणसाच्या कचेरीनं तिला पुण्याला कायमचं बोलावलंय. तिला जायचं नाही. ज्या तोंडानं तिच्या चुलतीला नको ते म्हटलं, त्याच्यासमोर रोज बसायचं तिच्या जिवावर आलंय. पण गावात कुणी बोलेना, तर माणसानं राहायचं कुठं?

“आई म्हणती, येळवसला दरसालसारखंच करायचं, तेवढीच भांडी चढवायची,” ती म्हणाली. “मी ठरवलंय ताई. ह्या साली रानात कुणी जेवलं तर ऱ्हाते. न्हाई आलं, तर जाते त्याच्याच दारात. मग तुमी आणखी एक कागद काढा.”

ती हसली. मला हसता आलं नाही. ज्याच्यापासून लोकांना तोडायचं म्हणून मी लिहिलं, त्याच्याच उंबऱ्यावर माझ्या शब्दानं एक पोरगी नेऊन उभी केली.

म्हणून हा मजकूर. याचा मथळा चालत्या माणसाला थांबवायला नाही, आणि याची पत्रकं मी बाजारात वाटणार नाही. तुम्ही इथवर वाचत आलात, म्हणून तुमच्यापाशी मागते. या अमावस्येला दुपारच्या आत ताडकळसला उतरा. बैल काढणाऱ्या पोरीचं रान कुठं, असं मोठ्यानं विचारा, चार माणसांना ऐकू जाईल असं. जो बोट दाखवील त्याला म्हणा, नुसतं दाखवू नको, सोबत चल. त्या सतरंजीवर बसा. खेळ घेऊ नका, खेळाचं बोलूही नका, आंबील दुसऱ्यांदा मागून घ्या. आणि एवढं कराच: घरून जेवून जाऊ नका.